बुद्धी वाढेल, पण धृतीचे काय?

(मानवी बुद्धिसामर्थ्य वाढविण्याच्या नव्या-जुन्या मार्गांविषयी पंचवटी, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप.)



पंचवटीत उभे राहून बोलायचे म्हणजे वक्त्याला दोन वास्तूंचे भान ठेवावे लागते. एक सीतागुंफा आणि दुसरी काळारामाचे मंदिर. पहिली वास्तू आपल्याला एका महाविद्वानाच्या अधःपाताची आठवण करून देते आणि दुसरी एका बंद दाराची. मेंदूचे सामर्थ्य वाढविणे या आजच्या विषयाशी या दोन्ही आठवणींचा संबंध आहे. तो पुढे ओघाने येईलच.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी कला शाखेचा पदवीधर. हयात वृत्तपत्राच्या कचेरीत गेली. मेंदूची चिरफाड मी केलेली नाही आणि औषधशास्त्राची परीक्षाही दिलेली नाही. समोर वैद्यकीय व्यवसायातली मंडळी बसली आहेत. माझे कुठे चुकले तर त्यांनी निःसंकोच कान धरावा. परंतु बुद्धी वाढविण्याचा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेतला राहिलेला नाही. तो आपल्या मुलांच्या अभ्यासिकेत आणि आपल्या पाकिटात येऊन पोहोचला आहे. म्हणून त्याविषयी बोलण्याचा अधिकार एका सामान्य पालकालाही आहे, असे मी मानतो.

दंडक्रम आणि नाशिक

२०२५ सालच्या अखेरीस काशीहून एक वार्ता आली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे दोन हजार मंत्र, पन्नास दिवस, आणि समोर पोथी नाही. त्या वेळी वृत्तपत्रांनी आणखी एक गोष्ट नमूद केली. असे पारायण यापूर्वी सुमारे दोनशे वर्षांमागे वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केल्याचे सांगितले जाते, आणि ते झाले होते आपल्या नाशिकात. नाशिककरांना त्या दिवशी थोडी अधिक मान ताठ करून चालावेसे वाटले असेल, तर त्यात वावगे काही नाही.

पण अभिमान बाळगताना आपण कशाचा अभिमान बाळगतो आहोत, हे समजून घेतले पाहिजे. दंडक्रम म्हणजे केवळ पाठांतर नव्हे. त्यात आधी मंत्रातले पहिले आणि दुसरे पद म्हणायचे, मग तीच जोडी उलटी म्हणायची. त्यानंतर पुन्हा पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, आणि तिथून तिसरे-दुसरे-पहिले असे मागे यायचे. मग चौथे पद जोडायचे आणि पुन्हा मागे यायचे. दर वेळी पाऊल एक पद पुढे पडते आणि उलटे फिरून आरंभाशी येते. पदे पुढेमागे झाली की संधी बदलतो, स्वर बदलतो, आणि तो बदलही अचूक म्हणावा लागतो. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती पूर्वसूरींनी बांधल्या. त्यामागचा हेतू व्यवहारी होता. लेखन हाताशी नसताना एकही अक्षर गळू नये, एकही पद जागचे हलू नये, यासाठी उभारलेली ती तटबंदी होती. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्याला हे कारण पुरेसे होते.

या शिक्षणाने मेंदूत खरोखर काही फरक पडतो का? हा प्रश्न संशोधकांनी विचारला. इटलीतील विद्यापीठाशी संबंधित जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंचे एमआरआय चित्रण केले आणि त्यांची तुलना २१ इतर व्यक्तींशी केली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दहा वर्षे शिकून चाळीस हजार ते एक लाख शब्दांच्या संहिता मुखोद्गत करणाऱ्या या पंडितांच्या मेंदूत भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी निगडित भागांत करड्या द्रव्याची घनता आणि बाह्यकाची जाडी लक्षणीय अधिक आढळली.

इथे टाळ्या वाजवण्याआधी थोडे थांबू या. हे संशोधन फरक दाखविते. तो फरक पठणानेच पडला, की मुळातच तल्लख स्मृतीची मुले त्या शिक्षणात टिकली, याचा निवाडा एका वेळच्या चित्रणाने होत नाही. तसा निवाडा देणारे काम लंडनच्या टॅक्सीचालकांवर झाले आहे. त्या शहरात टॅक्सीचा परवाना हवा असेल तर मध्यभागातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्यात तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखविले की या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचा मागचा भाग इतरांहून मोठा असतो. पुढे २०११ साली त्यांनी शिकाऊ उमेदवारांचा शिक्षणाच्या आधी आणि नंतर अभ्यास केला. जे परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली, जे झाले नाहीत त्यांच्यात दिसली नाही. म्हणजे प्रौढ मेंदूही साधनेने बदलतो, हे सिद्ध झाले. मात्र त्याच संशोधनातून हेही कळले की अनुभवी चालकांच्या त्याच केंद्राचा पुढचा भाग इतरांहून लहान होता आणि काही नव्या प्रकारच्या दृश्यस्मृतीत ते मागे पडत होते. निसर्ग फुकट काही देत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मेंदूचे सामर्थ्य वाढविता येते. त्याला वर्षे लागतात, गुरू लागतो, आणि त्याची काही किंमतही मोजावी लागते.

परवचा बंद पडल्यावर

वेदपाठी थोडे असतात. पण त्याच विद्येची एक घरगुती आवृत्ती आपल्या वयाच्या सर्वांनी अनुभवली आहे. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवासमोर बसायचे. शुभंकरोती झाली की परवचा सुरू. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. मग मराठी महिने, तिथी, नक्षत्रे. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले असत. त्यांना झोप लागली असे समजून एखादा पाढा गाळावा, तर तिथेच त्यांचा डोळा उघडे.

त्या परवच्याने आम्ही प्रज्ञावंत झालो असा माझा दावा नाही. पण दोन गोष्टी घडल्या. मन एका जागी अर्धा तास बसायला शिकले आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे असते, हे अंगवळणी पडले. आज आपल्याला स्वतःच्या घरातल्यांचे दूरध्वनी क्रमांक पाठ नाहीत, कारण ते भ्रमणध्वनीला पाठ आहेत. स्मृती आपण बाहेर ठेवायला दिली आणि मग स्मृतिवर्धक गोळ्यांची चौकशी करू लागलो.

पाठांतराचा मी आंधळा पुरस्कार करीत नाही. यास्काचार्यांनी निरुक्तात अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याला केवळ भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आपल्याच परंपरेतला हा इशारा आहे. महाभारताच्या लेखनाची कथाही तेच सांगते. गणपतीने अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय लिहिता कामा नये. वेगाला आकलनाचा लगाम घालणारी ती अट आजच्या विषयात फार मोलाची आहे.

आणि स्मृती कोणत्या हेतूच्या सेवेला आहे, हेही पाहावे लागते. इथून जवळच्या भगूरचे स्वातंत्र्यवीर सावरकर अंदमानच्या कोठडीत होते तेव्हा त्यांना लिहायला कागद मिळत नसे. त्यांनी काट्याने, खिळ्याने भिंतीवर ओळी कोरल्या, त्या पाठ केल्या आणि महाकाव्यच्या महाकाव्य डोक्यात साठवून बाहेर आणले. कोणते औषध त्यांनी घेतले होते? सांगण्यासारखे काही असले आणि ते जपण्याची तळमळ असली, की सामान्य वाटणारी स्मृतीही असामान्य काम करते.

गोळी काय देते, काय नेते?

आता नव्या मार्गांकडे वळू. मोडाफिनिल नावाचे औषध आहे. दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावर अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. मिथिलफेनिडेट हे दुसरे. ज्यांचे अवधान टिकत नाही अशा अतिचंचल मुलांसाठी ते दिले जाते आणि आपल्याकडे ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. दोन्ही औषधे रुग्णांसाठी आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम आहे. रुग्णाला त्यांचा खरा आधार होतो, याविषयी वाद नाही. वाद आहे तो निरोग्यांनी ती घेण्याचा.

२००८ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने आपल्या वाचकांना विचारले. साठ देशांतल्या सुमारे चौदाशे जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी दर पाचांत एकाने कबूल केले की एकाग्रता वा स्मृती वाढविण्यासाठी आपण अशी औषधे घेतली आहेत. हे उत्तर देणारे वाचक विज्ञानविश्वातले होते, हे ध्यानात घ्या. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात काही नामवंतांनी लेख लिहून निरोगी प्रौढांना अशी औषधे जबाबदारीने घेऊ द्यावीत, अशी भूमिका मांडली.

त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. चहा-कॉफी आपण घेतोच ना? चष्मा लावतो, पुस्तक वापरतो, गणकयंत्र वापरतो. मग गोळीने काय पाप केले? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायला हवे.

पहिले उत्तर प्रयोगातूनच मिळते. २०२३ साली मेलबर्नच्या संशोधकांनी चाळीस निरोगी व्यक्तींना एक कोडे घातले. पिशवीत ठरावीक वजन मावते, आणि समोर निरनिराळ्या वजनाच्या व किमतीच्या वस्तू आहेत. पिशवीत सर्वाधिक मोलाचा माल भरायचा. आपल्या रविवार कारंजावर भाजी घेणाऱ्या गृहिणीला हे गणित नवे नाही! त्या व्यक्तींना कधी औषध दिले, कधी नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. औषध घेतल्यावर मंडळींनी अधिक वेळ घालवला, अधिक खटपट केली. पण त्या खटपटीचा दर्जा घसरला. ज्यांची कामगिरी औषधाविना सरासरीहून चांगली होती, त्यांची बरेचदा औषधाने सरासरीखाली आली. उत्साह वाढला, विचार विस्कळीत झाला. मिळालेल्या जोमालाच माणूस बुद्धी समजून बसतो, हा या गोळीचा खरा धोका आहे.

दुसरे उत्तर सक्तीचे. एका अभ्यासिकेत चार मुले स्पर्धापरीक्षेची तयारी करीत आहेत असे समजा. त्यांतल्या एकाने गोळी घेऊन रात्र जागवायला सुरुवात केली, की उरलेल्या तिघांचे स्वातंत्र्य संपते. न घेणारा मागे पडेल या भीतीने सगळे घेऊ लागतात. सगळ्यांनी घेतल्यावर कुणालाच आघाडी मिळत नाही, झोप मात्र चौघांचीही जाते. आणि दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत, हे आता मेंदूशास्त्राने निःसंशय सांगितले आहे. चहाचा कप कुणी असा गळ्याशी आणत नाही.

तिसरे उत्तर मला माझ्या घरात मिळाले. ते सांगायला थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो.

नाकाशेजारची फट

काही वर्षांपूर्वी मेंदूचा मध्यभाग जागृत करून देण्याचे वर्ग गावोगाव निघाले होते. दोन दिवसांच्या शिबिरात मूल डोळ्यांना पट्टी बांधून पुस्तक वाचू लागेल, रंग ओळखू लागेल, त्याची बुद्धी अनेक पटींनी वाढेल, अशी हमी असे. मंगळूरचे नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी आणि आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने त्याला जाहीर आव्हाने दिली. पण तेव्हा मी ते वाचले नव्हते, की वाचूनही मनावर घेतले नव्हते, हे आज नेमके सांगता येत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. शेजारच्यांचा मुलगा गेला म्हणून मीही तिला धाडले. हजारोंची फी भरली. पत्रकार असूनही एक प्रश्न विचारला नाही, कारण बाप म्हणून मला उत्तर आधीच हवे होते.

समारोपाला पालकांसमोर मुलांची प्रात्यक्षिके झाली. माझ्या मुलीने पट्टी बांधून कार्डाचा रंग अचूक सांगितला. माझा ऊर भरून आला. आठ-दहा दिवसांनी पाहुण्यांसमोर मी तिला तो प्रयोग करायला सांगितला, तर ती रडू लागली. रात्री आईच्या कुशीत शिरून तिने सांगितले, "आई, खालून दिसतं गं. नाकाच्या बाजूने. सगळ्यांनाच दिसतं. सर म्हणाले, घरी सांगायचं नाही, नाहीतर शक्ती जाते."

नाशिकचे नाव नाकावरून पडले अशी आख्यायिका आहे. त्या वर्गाची सगळी दिव्यदृष्टीही नाकाशेजारच्या फटीतच होती! आज हसू येते; त्या रात्री आले नाही. पैसे गेल्याचे दुःख नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीला दहा दिवस एक खोटे उराशी बाळगावे लागले, आणि ते तिने कुणासाठी बाळगले, तर बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळू नये म्हणून. बुद्धी वाढवायला धाडले आणि असत्य शिकवून आणले. या व्यवहारात फसवणारा जितका दोषी, तितकाच फसायला आतुर असलेला मीही दोषी होतो.

चरकांची मोजपट्टी

पुढे कधीतरी एका वैद्यमित्राने मला चरकसंहितेतील रसायनाचा अध्याय समजावून दिला, तेव्हा त्या रात्रीचा अर्थ लागला. चरकांनी बुद्धीला हितकारक अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. म्हणजे बुद्धिवर्धनाची इच्छा आपल्याकडे पाप मानलेली नव्हती. ब्राह्मी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीवर आधुनिक चाचण्याही झाल्या. काहींमध्ये सुमारे बारा आठवडे नियमाने घेतल्यावर थोडा लाभ दिसला. परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी तिचा उपयोग नाही, आणि वैद्याला विचारल्याविना घेण्याचीही ती वस्तू नाही.

पण खरे आश्चर्य पुढे आहे. त्याच रसायनप्रकरणात चरक 'आचार रसायन' सांगतात. जो सत्य बोलतो, क्रोध आवरतो, मद्यापासून दूर राहतो, गोड बोलतो, ज्याचे जागणे आणि झोपणे प्रमाणात आहे, जो दयाळू आहे, त्याला रसायनसेवनाचे फळ मिळते. वनौषधीच्या शेजारी त्यांनी सत्य आणि झोप मांडून ठेवली आहे!

आणि आणखी एक विचार. मनुष्य चुकतो तो प्रज्ञापराधामुळे, असे चरक म्हणतात, आणि प्रज्ञेची तीन अंगे सांगतात : धी, धृती, स्मृती. धी म्हणजे समजण्याची शक्ती. स्मृती म्हणजे आठवण्याची. धृती म्हणजे मनाला अहितापासून आवरून धरण्याची. आजच्या बाजारात जे विकले जाते ते कधी स्मृतीचे असते, कधी अवधानाचे. धृतीची गोळी कुणी काढलेली नाही. पहिली दोन अंगे वाढली आणि तिसरे खुरटले, तर माणूस अधिक बुद्धिमान होत नाही. अधिक वेगाने चुकू लागतो.

हीच मोजपट्टी नव्या यंत्रांनाही लावता येईल. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने खांद्याखालचे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत विद्युत्-चकती बसविली. केवळ विचाराने तो संगणकाच्या पडद्यावरची खूण हलवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. ते वाचून ज्याचे डोळे पाणावणार नाहीत त्याला मी धार्मिक म्हणणार नाही. हरवलेले परत देणे ही सेवाच आहे. बहिऱ्या बाळाच्या कानात बसविलेले कॉक्लिअर यंत्र, कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूला दिलेली विद्युत्-उत्तेजना, ही सारी त्याच पुण्यपंथाची कामे आहेत. प्रश्न तिथे सुरू होतो जिथे धडधाकट माणूस, केवळ दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी, अशी चकती मागू लागेल. मग मेंदूतून निघणाऱ्या माहितीवर मालकी कुणाची? माझी, की चकती बनविणाऱ्याची? चिली या देशाने २०२१ साली आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूचे व्यापार आणि त्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. लहानशा देशाला जे सुचले, त्याची चर्चा ज्ञानाला पवित्र मानणाऱ्या आपल्या देशात घरोघर व्हायला हवी.

दार कुणाला उघडे?

आता काळारामाकडे येतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच पंचवटीत मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे सहकारी त्यात अग्रभागी होते. तो वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडले नाही. ज्या पुरुषासाठी आपण दार लावून घेतले, तो कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथल्या पदव्या मिळवून आलेला, त्या काळातल्या सर्वाधिक व्यासंगी भारतीयांपैकी एक होता. ही गोष्ट पंचवटीत सांगताना मान खाली जाते, आणि जायलाच हवी.

मघाशी आपण वेदपठणाच्या स्मृतितंत्राचा गौरव केला. तो यथार्थ आहे. पण मेंदू घडविण्याचे इतके प्रभावी शास्त्र हाती असूनही शतकानुशतके आपण ते मूठभरांपुरते राखले, हेही तितकेच खरे आहे. किती एकलव्यांच्या मेंदूची मशागत झालीच नाही, याचा हिशेब कोण देणार? उद्या महागडी गोळी, महागडी चकती आली आणि ती फक्त ऐपतदारांच्या मुलांना मिळाली, तर नव्या काळाचे तेच बंद दार असेल. फरक इतकाच की तेव्हा जात विचारली जायची, आता बँकेतली शिल्लक विचारली जाईल.

ते दार आजही पुरते उघडलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. हा केवळ उंचीचा आणि रंगाचा प्रश्न नाही. मेंदूची सर्वांत वेगवान घडण गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत होते. त्या काळात घास आणि लोह कमी पडले तर पुढे कोणतीही शिकवणी ती तूट पूर्ण भरून काढीत नाही. सुरगाणा आणि पेठच्या पाड्यांवरून आपल्या द्राक्षबागांत मजुरीला येणारी माता पोटुशी असते, तेव्हा तिच्या डब्यात काय असते, हे आपण कधी पाहतो का?

मेंदू वाचविण्याचा जगातला सर्वांत स्वस्त उपाय आपल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत आहे. टाळता येण्याजोग्या मेंदूहानीचे सर्वांत मोठे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आयोडीनच्या अभावाकडे बोट दाखविले आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी २००० साली उठविली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. या प्रदीर्घ खटपटीतून किती बालकांची बुद्धी वाचली असेल! त्यांना ते ठाऊक नाही, त्यांच्या आईबापांनाही नाही. बुद्धिवर्धनाचे हे सर्वांत मोठे पुण्यकर्म कोणत्याही जाहिरातीविना झाले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. मेंदूचे सामर्थ्य वाढवावे. त्यात धर्माला बाध नाही. पण आधी ज्यांचे उपाशीपोटी खुंटते आहे त्यांचे सावरावे. रुग्णाला यंत्र आणि औषध जरूर द्यावे. निरोग्याने आधी झोप, साधना आणि सत्य यांचा मार्ग धरावा. आणि जे शास्त्र आपल्या हाती येईल त्याचे दार कुणालाही लावून घेऊ नये.

शेवटी सीतागुंफा. रामायणातला रावण दहा मस्तकांचा. विद्वान, तपस्वी, सामर्थ्यवान. बुद्धिवर्धनाचा याहून मोठा नमुना कोणता? तो याच पंचवटीत आला, आणि आला तो भिक्षेकऱ्याच्या वेशात. दहा मस्तकांत धी होती, स्मृती होती. धृती एकातही नव्हती. त्या दहांपैकी एकानेही इतर नवांना सांगितले नाही की, थांबा, हे अयोग्य आहे.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. त्या वर्गात काय शिकवले हे तिला आठवत नाही. आजोबांनी पाठ करून घेतलेली दिडकी मात्र अजून येते. मध्यंतरी मी तिला विचारले, त्या दहा दिवसांतले काय आठवते? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावला नाहीत, ते आठवतं."